मास्तरांची कवळी

देश स्वतंत्र व्हायला महिना उरला होता. झेंडा कुठे लागणार ते ठरलं होतं, मैदानातले खड्डे बुजवून झाले होते. बँडवाल्यांचा सराव सकाळ-संध्याकाळ चालू होता आणि त्यातला मोठा ढोलवाला सगळ्यांच्या आधी सुरू करून सगळ्यांच्या नंतर थांबत होता. मुख्य भाषण कोण करणार याबद्दल तर गावात दुमत नव्हतंच. मास्तर करणार. दुसऱ्या कुणाचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. अडचण एवढीच होती, की मास्तरांच्या तोंडात एकही दात नव्हता.

दात तुरुंगात गेले होते. मागचे तिथल्या अन्नाने गेले, आणि पुढचे कसे गेले ते मास्तर कधी कुणाला सांगत नसत. सुटून आल्यापासून ते मऊ आणि पातळ असं काहीबाही खात आणि कमी बोलत. बोललेच तर पहिल्या रांगेतल्यांना कळे आणि मागच्या रांगेतले आदराने माना डोलावत. चार माणसांत हे खपून जाई. पण स्वतंत्र देशातलं पहिलं भाषण, तेही लाउडस्पीकरवर, म्हणजे खेळ नव्हता. शेवटी सोहळ्याच्या समितीचे अध्यक्ष, म्हणजे आपले छापखानेवाले, एक दिवस मनाचा हिय्या करून मास्तरांना म्हणाले की कवळी बसवून घ्या. मास्तर म्हणाले, घेतो. मग छापखानेवाल्यांनी खाली मान घालून सांगितलं, की कवळी करणारा गावात एकच आहे.

तो एकच म्हणजे कवळीसाहेब. आणि कवळीसाहेब म्हणजे मास्तरांच्या सख्ख्या बहिणीचे यजमान.

आता मेहुणाच म्हटल्यावर अडचण कसली, असं कुणालाही वाटेल. अडचण ही, की साहेब त्या दुसऱ्या देशाचे, ज्याचं राज्य आता संपायचं होतं. तरुणपणी सरकारी दवाखान्यात कवळ्या करायला म्हणून ते बोटीतून उतरले, तिथे खिडकीत बसून केसपेपर देणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडले आणि लग्न करून मोकळे झाले. ती मुलगी मास्तरांची धाकटी बहीण. आईवडील लवकर गेल्यामुळे मास्तरांनीच तिला वाढवलेली, हाताला धरून अक्षरं गिरवायला शिकवलेली. लग्नाचं कळलं तेव्हा मास्तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर कधीतरी शांतही झाले असते. त्यांनी फक्त तिचं नाव घेणं सोडलं, ते बावीस वर्षं सोडलं. रस्त्यात ती समोरून आली तर ते दुकानांच्या पाट्या वाचत वाचत निघून जात. गावातल्या सगळ्या पाट्या त्यांना एव्हाना पाठ झाल्या असतील.

साहेब हे नावापुरतेच साहेब. दवाखान्यातली नोकरी सोडून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान काढलं होतं आणि त्यांच्या हातांना कायम मेणाचा वास येई. इथली भाषा ते मोठेपणी, पुस्तकातून शिकले, त्यामुळे मांजरालासुद्धा 'आपण जरा बाजूला व्हा' असं म्हणत. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं होतं, म्हणून त्यांचा कुणी दुस्वास करत नसे. पण राज्य जाणार हे नक्की झाल्यापासून त्यांचे देशबांधव घरं आवरायला लागले होते, टेबलं-खुर्च्या विकत होते आणि भेटले की विचारत होते, तुमची बोट कधीची? साहेब म्हणत, मी इथेच. बायकोलाही त्यांनी तेच सांगितलं होतं आणि ती 'बरं' म्हणाली होती. मात्र एकदा कांदा चिरता चिरता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुमच्या गावाला थंडी फार असते का हो.

तो प्रश्न साहेबांना बरोबर कळला. तिला तिकडे जायची हौस नव्हती. इथे आपलं म्हणावं असं कुणी उरलं नाही, म्हणून ती विचारत होती. आपल्यामुळे हिचं माहेर तुटलं ही सल साहेबांच्या मनात इतकी वर्षं होतीच. आता तिचा सगळा देश आनंदाने नाचणार त्या दिवशी हिने उभं राहायचं कुठे आणि कुणाशेजारी, ते त्यांना उमगत नव्हतं. त्यांना आता एकच गोष्ट हवी होती. मास्तरांनी एकदा त्यांच्या घराचा उंबरा ओलांडावा आणि तिला हाक मारावी. बाकी राज्य कुणाचं यायचं ते येवो.

तर असे हे मास्तर एका सकाळी आले. घरात नाही, दुकानात. छापखानेवाल्यांना ढालीसारखं पुढे धरून आत शिरले, खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. साहेबांनी 'आपण किंचित डावीकडे वळा' म्हटलं की मास्तर छापखानेवाल्यांकडे बघत आणि छापखानेवाले सांगत, 'डावीकडे म्हणतायत.' एकाच भाषेतून त्याच भाषेत सांगायचं हे काम त्यांनी मोठ्या निष्ठेने केलं.

माप घेण्याआधी साहेबांनी हिरड्यांवरून बोट फिरवलं. पुढे वरच्या बाजूला एका जागी हाड वेडंवाकडं जुळलेलं हाताला लागलं. किडलेला दात पडल्यावर हाड असं होत नाही, हे साहेबांना कळलं, आणि ते कुणाच्या माणसांनी केलं असेल हेही कळलं. मास्तरांनी डोळे उघडले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबांनी जाऊन हात धुतले, आणि लागतो त्यापेक्षा जास्त वेळ धुतले.

कवळीचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगायला हवं, की कवळी एकदम पक्की करत नाहीत. आधी दात नुसते मेणात बसवतात. ते तोंडात घालून माणसाला मोठ्याने वाचायला लावतात आणि कुठे शीळ वाजते, कुठे जीभ अडखळते ते ऐकून, कोमट सुरीने मेण हलवून दात जरा इकडेतिकडे करतात. साहेबांची पंचाईत इथेच होती. हातात जादू, पण कान परका. चहातला च आणि चमच्यातला च त्यांना सारखाच ऐकू येई. पहिल्या वर्षी त्यांनी केलेली कवळी घालून एक वाणी कितीतरी दिवस शिट्ट्या मारत साखर विकत होता. तेव्हापासून हे ऐकण्याचं काम बायकोने अंगावर घेतलं. दुकान आणि घर यांच्यामध्ये लाकडी पार्टिशन होतं. खुर्चीतला माणूस वाचायला लागला की ती पलीकडे भाजी निवडत बसे आणि चुकलं की फळीवर बोटाने टकटक करी. एकदा वाजलं तर शीळ येतेय, दोनदा वाजलं तर जीभ अडतेय. काहीच नाही वाजलं म्हणजे ठीक. पेशंटना वाटे, आत उंदीर झालेत. साहेबांनी कितीदा तरी म्हटलं की अर्धी कारागिरी आपली, लोकांना कळू द्या. पण तिला ते नको होतं. दात नसलेलं माणूस आधीच संकोचलेलं असतं, कुणी बाई ऐकतेय कळलं तर तोंडच उघडणार नाही, असं ती म्हणे.

मास्तर मेणाचे दात घालून बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी तिला चाचरत विचारलं, की उद्या आपण ऐकाल का. ती म्हणाली, 'पेशंट आहे ना? मग ऐकायला नको?' आणि त्या दिवशी तिने दोन दिवसांची भाजी आणून ठेवली.

साहेबांची इच्छा होती की मास्तरांनी भाषणच वाचावं, कारण शेवटी तेच नीट वाजायला हवं होतं. मास्तरांनी भाषणाचे कागद खिशात आणले होते, पण ते काढले नाहीत. त्याऐवजी भूगोलाचं पुस्तक काढलं आणि नद्या, डोंगर, त्यांच्या उंच्या असं वाचायला लागले. छापखानेवाल्यांनी साहेबांच्या कानात सांगितलं, की भाषणात तुमच्या लोकांबद्दल बरंच काही आहे, म्हणून मास्तर तुमच्यासमोर वाचत नाहीत. साहेबांनी मान हलवली. पलीकडून एक टकटक आली. त्यांनी सुरी गरम करून एक दात हलवला. मग दोनदा टकटक आली, म्हणून दुसरा हलवला. मग पुन्हा एकदा, पुन्हा दोनदा. नदी समुद्राला मिळाली, डोंगर संपले, वाळवंट सुरू झालं तरी टकटक थांबेना. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. साहेबांना घाम फुटला. मास्तर वैतागून म्हणाले, म्हणजे छापखानेवाल्यांना म्हणाले, की परवा येतो.

संध्याकाळी साहेब ते मेणाचे दात घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि काय चुकतंय ते विचारलं. तिने हात पुसले, कवळी हातात घेतली, दिव्याखाली धरली.

'हे दात दादाचे नाहीत,' ती म्हणाली.

साहेब म्हणाले की मापाने केलेत, त्यांचेच आहेत.

'फार सरळ आहेत. दादाचा पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता. त्याच्या बोलण्यातली हवा तिथून जायची. माझ्या कानात अजून तसंच आहे.'

साहेब खाली बसले. त्यांनी आयुष्यात केलेली ही सर्वांत देखणी कवळी होती. एकेक दात पारखून घेतलेला, ओळ सुतात. आपल्या माणसांनी घेतलेले दात आपण परत द्यायचे, तर ते उत्तमातले उत्तम द्यावेत, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. कुणाचे द्यायचे हे मात्र त्यांनी विचारलं नव्हतं. माणूस चांगुलपणाच्या भरात चुकतो तेव्हा त्याला कुणी अडवतही नाही. त्यांनी निमूटपणे सुरी तापवली आणि ती सांगेल तसा दात हलवायला सुरुवात केली. अजून थोडा. अजून. नाही, हे जास्त झालं, असा तर खवीस दिसेल. जरा मागे. असं करता करता ती एकदम हसली आणि म्हणाली, 'हां. हा दादा.' मग मनगटाने डोळे पुसून, दूध उतू जाईल म्हणून घाईने चुलीकडे वळली. दूध अजून तापलंसुद्धा नव्हतं.

ठरल्याप्रमाणे मास्तर आले. दात घातले, पुस्तक उघडलं, नदी उगम पावली. पलीकडून आवाज नाही. नदीला उपनद्या मिळाल्या, तरी आवाज नाही. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मास्तरांच्या हातात आरसा दिला.

मास्तरांनी आरशात पाहिलं आणि पाहतच राहिले. मग एक बोट वर नेऊन त्या चढलेल्या दातावर ठेवलं. छापखानेवाले घाबरून विचारायला लागले की काय झालं, वाकडा बसलाय का, बदलून घेऊ. मास्तरांनी त्यांना हाताने थांबवलं आणि साहेबांकडे बघून, बावीस वर्षांत पहिल्यांदा सरळ त्यांनाच विचारलं, 'हा दात असा बसवायला तुम्हाला कुणी सांगितलं?'

साहेबांना खोटं बोलायचं होतं की नाही कोण जाणे, पण त्यांची नजर आपसूक पार्टिशनकडे गेली. मास्तरांचीही गेली. पलीकडे शेंगा मोडल्याचा बारीक आवाज येत होता, तो थांबला.  साहेबांना वाटलं, आता हाक मारतील. आता उठतील. 

मास्तर उठले नाहीत. त्यांनी छापखानेवाल्यांना जरा बाहेर बसायला सांगितलं, खिशातून भाषणाचे कागद काढले, खुर्ची पार्टिशनच्या दिशेने वळवून घेतली आणि वर्गात धडा वाचावा तसं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. साहेबांबद्दलचं, म्हणजे साहेबांच्या लोकांबद्दलचं जे होतं, तेही एक अक्षर न गाळता वाचलं. बोटीतून आलेले, आमच्या ताटात जेवून आम्हालाच उपाशी ठेवणारे, आमच्या पोरांना काठ्यांनी मारणारे. साहेब हातातल्या सुरीकडे बघत उभे राहिले. तिसऱ्या पानावर तुरुंगातून परत न आलेल्यांची नावं होती, तिथे मास्तरांनी वेग वाढवला आणि भराभर वाचून टाकलं. शेवटचं वाक्य झालं. पलीकडून काही आवाज आला नाही. मास्तरांनी कागदांची घडी घातली, दात काढून साहेबांच्या हातात दिले आणि निघून गेले. खुर्चीपासून आतलं दार हाकेच्या अंतरावर होतं, पण त्या दाराकडे त्यांनी मान वळवून पाहिलंही नाही.

साहेबांना माणसांवर रागवायची सवय नव्हती, पण त्या दिवशी ते मास्तरांवर मनापासून रागावले. आत गेले तर ती मांडीवर शेंगा घेऊन तशीच बसलेली होती.

'छान लिहिलंय,' ती म्हणाली. 'तिसऱ्या पानावर घाई करतो पण.'

कवळी पक्की होऊन गेली, मास्तरांनी ती माणूस पाठवून नेली आणि स्वातंत्र्याचा दिवस उजाडला. समितीने साहेबांना छापील निमंत्रण धाडलं होतं, दोघांनी यावं म्हणून. ती नाही म्हणत होती. दादाला लोकांसमोर अवघडल्यासारखं होईल, तुम्ही जाऊन या. साहेबांनी समजूत घालून पाहिली, रुसून पाहिलं, आणि काहीच चालेना तेव्हा म्हणाले की मला एकट्याला भीती वाटते. हे अगदीच खोटं नव्हतं. ते ऐकल्यावर मात्र तिने ठेवणीतले कपडे काढले.

रस्ते माणसांनी फुलले होते. खिडक्याखिडक्यांतून नवे झेंडे लटकत होते, काही घाईत उलटे लागले होते आणि खालून जाणारे ओरडून ते सरळ करायला लावत होते. कोपऱ्यावर एक म्हातारा कागदी झेंडे विकत होता. आपण झेंडा घ्यावा की घेऊ नये, घेतला तर आगाऊपणा दिसेल आणि नाही घेतला तर माज दिसेल, या विचारात साहेब त्याच्यासमोर घुटमळले. म्हाताऱ्याने स्वतःच एक झेंडा त्यांच्या कोटाला टाचला आणि साहेबांनीच केलेले दात दाखवून हसला. साहेबांनी सवयीने त्याच्या डाव्या सुळ्याकडे पाहिलं. जरा झिजला होता.

मैदानात परदेशी पाहुण्यांसाठी दोरी बांधून खुर्च्या मांडलेल्या होत्या. बाकी सगळं गाव खाली सतरंज्यांवर बसलं होतं. ती दोरीपाशी आली आणि थांबली. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी, दवाखान्यातल्या बायका, शेजारणी सगळ्या पलीकडे जमिनीवर होत्या. इथे खुर्चीवर बसायचं म्हणजे पाहुणी म्हणून बसायचं, आणि तिथे खाली जाऊन बसावं तर कुणी सरकून जागा देईल की नाही कोण जाणे. साहेबांच्या ते ध्यानात आलं. खुर्चीवर माझी पाठ दुखते असं काहीतरी सांगून ते तिला घेऊन मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभे राहिले. तिथे ना खुर्ची होती ना सतरंजी.

आधी जुना झेंडा उतरला. तो उतरताना साहेब ताठ उभे राहिले, कारण शाळेत असल्यापासून त्या झेंड्यासमोर ताठच उभं राहायचं हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. ते राज्य जावं असं त्यांनाही वाटत होतं. पण त्या कापडाबरोबर त्यांना त्यांची शाळा आठवली, दारात उभी असलेली आई आठवली. आपल्याला नेमकं कशाचं रडू येतंय हे कुणाला सांगायचं, या चिंतेत ते होते, तेवढ्यात तिने त्यांचा हात हातात घेतला.

मग नवा झेंडा चढायला लागला आणि अर्ध्यावर दोरी अडकली. सगळ्या मैदानाने श्वास रोखला. दोरी ओढणाऱ्याने एक हिसका दिला, दुसरा दिला, आणि झेंडा सरसर वर गेला. त्यानंतर जो आवाज झाला तसा साहेबांनी जन्मात ऐकला नव्हता. माणसं रडत होती, ओळख नसलेल्यांच्या गळ्यात पडत होती. एका लठ्ठ बाईने साहेबांच्या बायकोला, ही कुणाची कोण हे न बघता, कडकडून मिठी मारली. दूधवाल्याने साहेबांना मारली आणि मग कोण आहे ते बघून अजून एकदा मारली. ढोलवाला अर्थातच सगळ्यांच्या आधी सुरू झाला होता. आणि साहेबांची बायको ओरडत होती. दोन्ही हात वर करून, तोंड उघडं टाकून ओरडत होती. साहेबांनी तिचा चढलेला आवाजसुद्धा कधी ऐकला नव्हता. ते तिच्याकडेच बघत राहिले.

मास्तर बोलायला उभे राहिले आणि पहिल्या वाक्यालाच शेवटच्या रांगेतल्यांनी चमकून माना वर केल्या. शब्द न् शब्द कळत होता. काठ्यांचा आणि बोटीचा भाग आला तेव्हा आजूबाजूच्या लोकांनी साहेबांकडे पाहिलं आणि लगेच सभ्यपणे नजर काढून घेतली. एकाने त्यांना पाणी विचारलं. साहेबांना वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी त्यांचं कारागिराचं मन सुखावत होतं. शिव्या खायच्याच, तर त्या इतक्या स्वच्छ उच्चारात असाव्यात. तिसऱ्या पानावर मास्तरांनी पुन्हा घाई केली. ती हळूच 'च्च' म्हणाली.

भाषण संपत आलं तसे साहेब एका शब्दाची वाट पाहायला लागले. निदान एक नजर तरी या बाजूला टाकतील. मास्तर एवढ्या जणांचे आभार मानत होते, बँडवाल्यांचे मानले, खड्डे बुजवणाऱ्यांचे मानले. या बाजूला त्यांनी पाहिलं नाही. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि ते गर्दीवरून तरंगत दिसेनासे झाले.

 परत येताना, हिला उगाच आणलं, असं साहेबांना राहून राहून वाटत होतं. घरी आल्यावर ती कपडे बदलून कणीक मळायला लागली, इतक्या जोरात की परात वाजत होती. साहेब पुढच्या बाजूला येऊन नुसतेच बसले. सुट्टी असल्यामुळे दुकान बंद होतं. बाहेरून मिरवणुकीचा आवाज कधी जवळ येई, कधी लांब जाई.

दुपार कलताना घराच्या दारात कुणीतरी खाकरलं. साहेब उठून बघायला गेले. मास्तर उभे होते, एकटे. केसांत फुलांच्या पाकळ्या अडकलेल्या, सदरा खांद्यावर चुरगळलेला, आणि गर्दीत चपला हरवल्यामुळे अनवाणी.  साहेबांनी विचारलं, 'आपल्याला कवळी टोचते आहे का?'

मास्तर म्हणाले, 'नाही.' मग साहेबांच्या खांद्यावरून आत पाहत त्यांनी हाक मारली, 'चिऊ.'

ही चिऊ कोण, हे साहेबांना कळेना. त्यांनी मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघरातून त्यांची बायको बाहेर येत होती, दोन्ही हात कणकेने भरलेले.

ती उंबऱ्याच्या अलीकडे थांबली, मास्तर पलीकडे उभे होते.

'तिसऱ्या पानावर घाई केलीस,' ती म्हणाली.

'केली.'

'दोन्ही वेळा केलीस.'

'रडू येत होतं गं,' मास्तर म्हणाले, आणि आत आले.

तिचा बांध त्या क्षणी फुटला. ती बोलायला लागली. आधी भांडली. पाट्यांवरून भांडली हे साहेबांना समजलं, कारण 'पाट्या' हा शब्द त्यात सारखा येत होता. मग आजारपणाचं काहीतरी निघालं, मग कुणा मावशीचं, मग आईच्या एका पेटीचं. मास्तर तितक्याच जोरात उत्तरं देत होते, ती त्यांना मध्येच तोडत होती, ते तिला तोडत होते. वाक्यं अर्धवट सुटत होती, दुसरं माणूस ती पुरी करत होतं. कुठेतरी मध्येच एका बकरीचा विषय आला आणि दोघंही डोळ्यांत पाणी असताना हसायला लागले, आणि हसता हसता परत भांडायला लागले.

साहेबांना त्यातलं चार आणेसुद्धा कळत नव्हतं. ते चकित होऊन दाराशी उभे होते. आपल्याला ही भाषा उत्तम येते, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती. बाजारात अडायचं, पेशंटशी अडायचं, पण घरात कधी अडलं नव्हतं. बायकोचं बोलणं त्यांना नेहमी लख्ख कळत आलं होतं. ते का कळत होतं, हे त्यांना आज समजलं. बावीस वर्षं ती त्यांच्यासाठी हळू बोलत आली होती. अवघड शब्द बाजूला ठेवून, एकेक वाक्य पुरं करून, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. भांडतानाही तसंच, आजारपणातही तसंच. आणि तिने कधी ते जाणवू दिलं नव्हतं. ही अशी भरभरून, शब्द गिळून, हातवारे करत बोलणारी बाई त्यांनी आजवर पाहिलीच नव्हती. तिचं माहेर तुटलं म्हणजे काय काय तुटलं, हे साहेबांना आता कळलं, आणि त्यांचा जीव तिच्यासाठी इतका कळवळला की त्यांनी दाराची चौकट धरली.

बोलता बोलता तिचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. ती थांबली. कणकेच्या हातांनी कपाळावरचे केस मागे सारून, नेहमीसारखं सावकाश, एकेक शब्द वेगळा करत ती सांगायला लागली, 'अहो, दादा असं म्हणतोय, की आमच्या घरी तेव्हा...'

'नको,' साहेब म्हणाले. 'आपण दोघं बोला. तुमच्या बोलण्याने बोला. मी इथे बसतो.'

 ती भावाकडे वळली आणि जिथे थांबली होती तिथून, तितक्याच वेगाने पुढे बोलू लागली. साहेबांनी स्टूल ओढून घेतलं आणि दिवेलागणीपर्यंत ते तिचं बोलणं ऐकत बसले.